पिवळ्या चौकटीच्या खाली

१

जरा डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता समजा, तुम्ही एका अरुंद, काळोख्या नालीत पालथे पडला आहात. पोटाखाली रबराचा रुंद पट्टा. डोक्यावर लोखंडी पत्रा, इतका जवळ की मान उचलली तर कपाळ आपटावं. नाकातोंडात कापसाचं तूस. हातात पाना. भिण्याचं काही कारण नाही, पट्टा बंद आहे आणि तुम्ही आत आहात हे बाहेर सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मग तुमच्या पोटाखाली पट्टा हलतो.

उघडा डोळे. तुम्ही सुटलात. तमन्नाचे अब्बा, रहमत मिस्त्री, मात्र त्या मंगळवारी खरोखरच त्या नालीत होते.

कापसाचा भाव दर आठवड्याला उतरत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. नेरच्या अलीकडे एक जिनिंग कारखाना होता. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे. सकाळची शाळा सुटली की अकरा वर्षांची तमन्ना अब्बांचा डबा घेऊन तिथे सायकलनं यायची.

त्या दिवशी तिनं सायकल भिंतीला टेकवली, साखळी गुंडाळून कुलूप लावलं, आणि थबकली. शेडमधून मशीनचा आवाज येत होता.

आज आवाज यायलाच नको होता. आज पट्ट्याखालचा रूळ बदलायला अब्बा आत शिरणार होते.

ती धावली. "पूनमकाका! बंद करा! अब्बा आत आहेत!" पण मशीनच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. पूनमसिंग, मशीन चालवणारा दांडगा माणूस, तिच्याकडे पाठ करून उभा होता. तमन्नानं हातातला डबा उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या पाठीवर फेकला.

तो चिडून वळला. तिचं तोंड पाहिलं. आणि त्यानं मेन स्विचचा दांडा खाडकन खाली ओढला.

शांतता झाली. नालीतून काहीच आवाज येत नव्हता. पट्ट्याच्या टोकाला रुईच्या ढिगात एक वस्तू येऊन पडली होती. अब्बांची निळी चप्पल, मधोमध चिरलेली.

२

अब्बा जिवंत होते. पट्टा हलला तेव्हा त्यांनी वरचा पाइप दोन्ही हातांनी धरला होता आणि पाय पोटाशी घेतले होते. बाहेर काढलं तेव्हा त्यांची बोटं पाइपवरून सुटत नव्हती. पूनमसिंगनं एकेक बोट सोडवलं, आणि मग तो स्वतःच मटकन खाली बसला.

"मले काय माहीत, मिस्त्री!" तो म्हणाला. "म्या सकाळी कॅलेंडर पाह्यलं. मंगळवारची चौकट कोरी होती. अल्लाची न् सेवालाल महाराजाची, दोघायची शपथ!"

हे कॅलेंडर भिंतीवरचं नव्हतं. कारखान्यात तीन संगणक होते. एक ऑफिसात, एक गाड्या मोजायच्या काट्यावर आणि एक शेडमध्ये. कोणत्या दिवशी कोणतं काम, मशीन कधी बंद, ट्रक कधी येणार, हे सगळं कुठल्याही एका संगणकावर लिहायचं आणि तिन्हीकडे दिसायचं. पूर्वी कुणी नालीत शिरलं की दांड्याला लाल फडकं बांधत. संगणक आले आणि फडकं गेलं.

"पण मी लिहिलं होतं!" तमन्ना ओरडली. "काल संध्याकाळी, काट्यावरच्या कम्प्युटरवर. 'मशीन बंद, आत माणूस.' अब्बांनीच सांगितलं होतं."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. अब्बांना संगणकाचा कंटाळा. म्हणून त्यांच्या नोंदी तमन्ना करायची, हे सर्वांना माहीत होतं.

तेवढ्यात मॅनेजर कमलाकरसाहेब आले. काखेत त्यांची निळी उशी. साहेबांची पाठ दुखायची, म्हणून जिथे बसतील तिथे ही उशी त्यांच्याबरोबर जायची. कारखान्यातल्या बाया मागून हसायच्या, "साहेब आले का उशी आली?" आज कुणी हसलं नाही.

साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "लेकरू आहे. भलतंच बटण दाबलं गेलं असंल. रागावू नका तिच्यावर."

रागावले असते तर बरं झालं असतं. भलतंच बटण? म्हणजे अब्बांना मी...?

"रूळ अर्धाच बसला आहे," अब्बा म्हणाले. "बाहेर गाड्या खोळंबल्या. दिवस मावळायच्या आत मले पुन्हा आत जा लागंल."

३

तमन्ना पळत सुटली ती थेट कारखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. तिथे साहेबांची थोरली बहीण राहायची. रत्नप्रभाबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तरी आसपासची मुलं गणितं घेऊन त्यांच्या ओट्यावर असायचीच.

"बाई, मी अब्बांना मारणार होते," ती म्हणाली आणि कालची नोंद, आजची कोरी चौकट, साहेबांचं 'भलतंच बटण', सगळं हुंदके देत सांगू लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं नाक पुसलं. "पाणी पी. आता सांग, तू लिहिलंस तेव्हा अक्षरं दिसली होती?"

"हो."

"जतन केलंस?"

"हो. बंद करून परत उघडून पाहिलं. होतं तिथंच. मग थोड्या वेळानं लाइट गेली आणि मी घरी गेले."

"मग तू भलतं बटण दाबलेलं नाहीस. लिहिलेलं होतं आणि नंतर गेलं. कसं गेलं, ते शोधू."

"बाई, बाया म्हणतात डोमाजीनं पुसलं." डोमाजी हा जुना कामगार. फार वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यात सापडून गेला होता. "म्हणतात, तो दर हंगामात एकाला बोलावतो."

"डोमाजी माझ्या ओळखीचा होता. फार मायाळू माणूस. तो कशाला कुणाला बोलावील?" बाई चपला घालत म्हणाल्या. "आणि त्याला कम्प्युटर कुठे येत होता? चल."

शेडमध्ये पूनमसिंग अजून खालीच बसला होता. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत.

"पूनमसिंग, रहमतशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

"झालतं ना बाई. मशीन बंद म्हणजे माह्या पोरायची रोजी बुडते. मी म्हणलं, काहून सारखी सारखी बंद ठेवतं? पण म्हणून काय जीव घीन त्याचा? अन् बाई, मले त्या कम्प्युटरच्या डब्यातलं नुसतं पाहता येते. लिहिता-पुसता येत असतं तर इथं तूस खात बसलो असतो काय?"

ऑफिसात स्वानंद होता. विशीतला पोरगा, तिन्ही संगणक त्यानंच जोडले होते. तो आधीच तापलेला होता.

"माझ्या सिस्टिममध्ये दोष नाही, बाई. रहमतचाचा तिला खेळणं म्हणतात, म्हणून सगळे आता माझ्याकडेच बघतात. मी काल दुपारच्या गाडीनंच घरी गेलो, कंडक्टरला विचारा!"

"तुला दोष देत नाही रे. मला समजावून सांग. तमन्नाला कळेल असं."

स्वानंद जरा निवळला. "मालक म्हणाले, खर्च नको. मोठ्या ऑफिसात असतं तसं सॉफ्टवेअर घ्यायचं तर तीन कम्प्युटरच्या किमतीचं. म्हणून मी जुने कम्प्युटर तारेनं जोडले आणि एक फुकटचा प्रोग्राम टाकला. समज तमन्ना, तीन मुलांकडे तीन वह्या आहेत. मास्तर मधूनमधून तिन्ही वह्या शेजारी ठेवतो. जिच्यावर सगळ्यात ताजी तारीख-वेळ, ती खरी. बाकीच्या दोघांनी आपलं सगळं खोडायचं आणि तिची नक्कल करायची. संपलं."

"आणि आज सकाळी तिन्ही वह्यांत काय होतं?"

"मी शनिवारी लिहिलेली ट्रकची नोंद. तेवढीच."

"म्हणजे तमन्नाची वही खोटी ठरली," बाई पुटपुटल्या. "सोमवारी लिहिलेली वही शनिवारच्या वहीपुढे हरली."

"तसं होऊच शकत नाही," स्वानंद म्हणाला.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. "झालं तर आहे," त्या म्हणाल्या.

४

काट्याची खोली लहानशी होती. खिडकीबाहेर गाडी मोजायचा लोखंडी ओटा, आत एक टेबल, एक लाकडी खुर्ची आणि पावत्या छापणारं यंत्र.

"काल केलंस अगदी तसंच आत्ता कर," बाई म्हणाल्या. "वाटेल ते लिही."

तमन्ना खुर्चीवर बसली. पण टेबल उंच होतं, तिचे कोपर वर लटकायला लागले. ती उतरली आणि उभ्यानंच टाइप करू लागली.

"काल उभी होतीस का गं?"

"नाही बाई. काल बसून लिहिलं होतं. काल पुरत होते हात."

बाईंनी खुर्चीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तमन्नानं "तमन्ना खोटं बोलत नाही" असं लिहिलं आणि जतन केलं. मग बाईंनी स्वानंदला खोलीचा वीजपुरवठाच बंद करायला लावला, संध्याकाळी लोडशेडिंगनं होतो तसा. संगणक अंधारला. थोडं थांबून पुन्हा सुरू केला. मग तिघं ऑफिसात गेले, तिथून शेडमध्ये.

तिन्हीकडे तेच वाक्य ठसठशीत उभं होतं. तमन्ना खोटं बोलत नाही.

"पाहिलंत?" तमन्ना म्हणाली. तिला हसू येणार होतं, पण आलं नाही. कारण तिच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली होती. मुलगी तीच, कम्प्युटर तोच, लाइटही तशीच गेली. तरी आज नोंद टिकली. मग काल त्या खोलीत असं काय होतं, जे आज नाही?

काल ती आत शिरली तेव्हा खोली रिकामी होती. पण पावतीचं यंत्र गरम होतं. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं.

नालीच्या तोंडाशी उभे असलेले अब्बा म्हणाले. "बाई, लई उशीर होऊन राह्यला. मी जातो आत. पूनमसिंग उभा राहील दांड्यापाशी."

"मी नाही उभा राहत!" पूनमसिंग जवळजवळ किंचाळला. "माह्या हातावर माहाच भरोसा नाही राह्यला!"

५

"थोडा दम धर, रहमत," बाई म्हणाल्या. तमन्ना आणि स्वानंदला घेऊन त्या ऑफिसात परतल्या आणि भिंतीवरचं कागदी कॅलेंडर काढून त्यांनी टेबलावर पसरलं. कम्प्युटरवरच्यासारखेच त्यातही वार वरच्या ओळीत आडवे होते. "तमन्ना, काल ही नोंद तू कोणत्या चौकटीत लिहिलीस ते दाखव."

तिनं मंगळवारवर बोट ठेवलं. आजच्या तारखेवर.

"बरोबर. आणि ती चौकट कशी सापडली तुला?"

"सोपं आहे. आजचा दिवस कम्प्युटर पिवळा दाखवतो. मी पिवळ्या चौकटीच्या बरोबर खाली लिहिलं."

"बरोबर खाली? बाजूला नाही?"

"नाही. खाली. वर पिवळी, खाली माझी."

बाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली. "काल कोणता वार होता?"

"सोमवार."

"मग कालची चौकट पिवळी कर."

तमन्नानं सोमवारची चौकट रंगवली. आणि तिचा हात थांबला. सोमवारच्या खाली पुढचा सोमवार होता. मंगळवार खाली नव्हताच. तो शेजारी होता. मंगळवारच्या बरोबर वर एकच चौकट येत होती.

"मागचा मंगळवार," ती कुजबुजली. "काल तो कम्प्युटर मागच्या मंगळवारात होता!"

स्वानंदनं कपाळावर हात मारला. "घड्याळ मागं नेलं कुणीतरी! म्हणून तिच्या वहीवर मागच्या मंगळवारची तारीख पडली. शनिवारची वही तिच्यापेक्षा ताजी. प्रोग्रामनं तमन्नाचं खोडून टाकलं. बाई, माझ्याच प्रोग्रामनं..."

"पण आता तर तारीख बरोबर आहे," तमन्ना म्हणाली.

"हो. ज्यानं मागं नेली, त्यानं काम झाल्यावर पुन्हा पुढं आणली. काट्यावरच्या कम्प्युटरची तारीख कुठे छापली जाते, स्वानंद?"

"पावतीवर. गाडी कोणत्या दिवशी मोजली ते."

"आणि मागच्या मंगळवारनंतर काय झालं?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. बुधवारी सकाळी कापसाचा भाव पडला होता.

दार करकरलं. दारात कमलाकरसाहेब उभे होते.

६

बाई त्यांच्याकडे वळल्या नाहीत. तमन्नाशीच बोलत राहिल्या, अगदी गणित सोडवून द्यावं तशा.

"आता एकच उरलं. काल तुझे हात टेबलाला पुरले आणि आज पुरले नाहीत. एका दिवसात तू बुटकी झालीस का?"

"नाही." तमन्नानं डोळे मिटून आठवलं. लाकडी खुर्ची. पण काल ती टणक नव्हती. मऊ होती. काल ती काहीतरी मऊ आणि उंच असलेल्यावर बसली होती.

तिनं डोळे उघडले. साहेबांच्या काखेत ती होती. निळी.

तमन्नाला ते नाव घ्यायची भीती वाटली. साहेब तिच्या अब्बांचे साहेब होते. दिवाळीला घरी फराळ पाठवायचे. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"कमल," बाई म्हणाल्या, "ती उशी मी शिवली आहे. ती तुला सोडून कुठे जात नाही."

साहेबांनी उशी टेबलावर ठेवली, जणू ती जड झाली होती.

"ताई, त्या गाड्या मागच्या मंगळवारपासून फाटकाबाहेर उभ्या होत्या. काटा बिघडलेला, मोजणार कोण? लोक बैलापाशी झोपले, ताई. बुधवारी भाव पडला अन् मालक फोनवर म्हणले, ज्या दिवशी मोजली त्या दिवसाचा भाव. आता यात त्यायचा काय दोष? म्हणून काल काटा सुरू झाला तवा, स्वानंद गेल्यावर, मी तारीख मागं केली. मंगळवारी आलेल्याले मंगळवारची पावती देल्ली. एक पैसा खाल्ला नाही मी."

"माहीत आहे मला."

"एक गाडीवाला भांडत होता म्हणून मी बाहेर ओट्यावर गेलतो. तेवढ्यात ही पोरगी येऊन लिहून गेली असंल. मले काय ठाऊक, तारखेचा अन् कॅलेंडरचा असा संबंध!"

"ते तेव्हा ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण काल तिथे तू बसला होतास, हे तर ठाऊक होतं. मी दिवसभर विचारत फिरले, कमल. तू म्हणालास, लेकरानं भलतं बटण दाबलं."

"भेलो, ताई. सांगितलं असतं तर पावत्या रद्द झाल्या असत्या. माही नोकरी गेली असती."

"आणि माझे अब्बा?" तमन्नाच्या तोंडून निघून गेलं.

अब्बा दारापाशी येऊन कधी उभे राहिले होते कुणास ठाऊक. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"साहेब," ते सावकाश म्हणाले, "गाडीवाल्यायचं तुमी भलं केलं. मी असतो तर मीबी तेच केलं असतं. पण मी आत मेलो असतो ना, तर माही पोरगी जनमभर समजली असती का तिनंच मारलं. हे काहून नाही आलं तुमच्या ध्यानात?"

साहेब तमन्नासमोर आले आणि खाली वाकले, पाठ दुखत असूनही. "तू बरोबर लिहिलं होतं, पोरी. तुही काही चूक नव्हती. मालकाले मीच सांगतो, आता, सगळ्यायसमोर." आणि त्यांनी फोन उचलला.

बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. अब्बांनी पाना उचलला.

"मी बदलतो प्रोग्राम, चाचा," स्वानंद घाईघाईनं म्हणाला. "तारीख मागं गेली तर तो ओरडेल असं करतो. लाल अक्षरात दाखवीन!"

"कर बेटा. पण ते उद्या होईन. मले आज जा लागते."

तमन्ना त्यांच्यामागून शेडमध्ये आली. काळी नाली तोंड वासून पडली होती. शेजारी भिंतीवर तो दांडा. कॅलेंडर बरोबर असो की चूक, दांडा वर ढकलला की पट्टा फिरणार. दांड्याला वाचता येत नव्हतं.

ती दांड्याकडे पाहत राहिली. त्याच्या कडेला एक भोक होतं आणि मागच्या पेटीलाही तसंच एक. ती कशासाठी आहेत, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तमन्ना वळली आणि बाहेर धावली. भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी बसून तिनं कुलूप उघडलं, साखळी सोडवली आणि ती घेऊन परत आली. दांडा खाली होता. तिनं साखळी दोन्ही भोकांतून ओवली, घट्ट ओढली आणि कुलूप लावलं.

मग ती पूनमसिंगला म्हणाली, "काका, आता ढकला."

"नाही ढकलत मी."

"ढकला ना, काका. जोरानं."

पूनमसिंगनं उजवा हात दांड्याला लावला. मग दोन्ही हात लावले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. साखळी ताणली, पण दांडा जागचा हलला नाही. तो दांडगा माणूस दांड्यावर कपाळ टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.

तमन्नानं कुलपातली किल्ली काढली. नालीच्या तोंडाशी वाकलेल्या अब्बांना तिनं थांबवलं, किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावून घेतलं.